‘काही तरास न्हाई’ म्हणणारे अप्पा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होते. फोन अव्वांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. जळकोटहून त्यांचा फोन येतो तो दुपारची जेवणं उरकल्यावर, त्या दिवशी सकाळीच आला. “चहा घेऊन गेले तर उठंनात. डॉक्टर येऊन बघून गेला... तुम्ही निघा,” एवढंच बोलल्या. मी खुर्चीत बसले. आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. मला वाटलं, आता अंघोळ घालताना अप्पांचं अंग सगळ्या गल्लीला दिसेल. सासरे गेल्याच्या बातमीवर सुनेला हे सुचावं याची तेव्हाही लाज वाटली, आज दीडेक महिन्यानंतर लिहितानाही वाटते. पण अप्पांविषयी खरं लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल. त्यांना मरणाची भीती असलेली मी कधी पाहिली नाही. त्या अंघोळीची मात्र असावी.

माझा नवरा संगमेश गाडी चालवत होता. लोहा गेलं, कंधार मागं पडलं. मग एकदम म्हणाला, “अंघोळ मी घालणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.” म्हणजे त्याच्याही मनात तेच चाललं होतं. घरी पोचलो तर अंगणात पाणी तापत ठेवलेलं, भावकी जमलेली. अप्पांच्या एका चुलतभावानं माझ्या समोरच कुणाला तरी हळूच विचारलं, “हाताला बांधायला पिशव्या हायेत का प्लास्टिकच्या?” मी ऐकलं, अव्वांनीही ऐकलं. त्यांनी फक्त पदर डोक्यावरून पुढं ओढला. संगमेशनं कुणाची वाट न बघता तांब्या उचलला. पुरुषमंडळी गोल करून उभी राहिली, पण बघत होती ती भिंतीकडं, पाण्याच्या घंगाळाकडं, एकमेकांच्या पायांकडं. अप्पांच्या पाठीवर, पोटावर, गुडघ्यांवर लालसर चट्टे होते आणि त्यांवर पांढरट पापुद्रे. पूर्वीच्या मानानं ते पुष्कळच कमी होते, पण हे त्या अंगणात आम्हा तिघांनाच माहीत होतं.

अप्पांना सोरायसिस होता. हा आजार लागत नाही. हात लावल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, शेजारी झोपल्यानंही नाही. कातडी गरजेपेक्षा फार वेगानं वाढते आणि थर साचून गळत राहते, एवढंच. “एवढंच” हा शब्द मी लिहिला खरा, पण तो अप्पांच्या बाबतीत लिहिण्यासारखा नाही.

अप्पांचं जळकोटला कापडाचं दुकान होतं. मी त्या घरात आले तेव्हा ते दुकानात बसायचे बंद झालेले होते, त्यामुळं त्यांचं दुकानदारीतलं रूप मला अव्वांकडूनच कळलं. थानातून कापड सोडताना त्यांचा हात असा फिरायचा म्हणे की बाया घ्यायच्या नसलेल्या कापडाकडंही बघत राहायच्या. पुढं कोपरांवर आणि डोक्यात चट्टे आले. एकदा लग्नाच्या बस्त्याला आलेल्या मंडळींसमोर त्यांनी गडद जांभळं लुगडं पसरलं आणि त्यावर पांढरा भुसा पडला. नवरीच्या मावशीनं दोन बोटांनी तो झटकला आणि म्हणाली, “दुसरीकडं बघू.” भांडण नाही, आवाज नाही. पण त्या दिवसापासून अप्पा गल्ल्यावर जाऊन बसले आणि कापड दाखवायचं काम धाकट्या भावाकडं गेलं. मग गल्लाही गेला. पैसे परत देताना लोक हात पुढं करायच्या ऐवजी “तिथं ठेवा” म्हणायला लागले, किंवा अप्पांना तसं वाटायला लागलं. दोन्हींत फरक किती, हे आता कोण सांगणार... त्यांनी दुकान भावाला सोपवलं आणि उदगीरला जाऊन माल आणायचं तेवढं काम स्वतःकडं ठेवलं. घाऊक व्यापारी जुने ओळखीचे होते. शिवाय तिथं कापड बघायचं असतं, दाखवायचं नसतं.

आमच्या लग्नात ते स्टेजवर आले नाहीत. मला वाटलं, सून पसंत नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की फोटोग्राफर जिकडं असेल त्याच्या उलट दिशेला ते असायचे. घरात ते कायम पांढऱ्या कपड्यांत, पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत बटणं लावून, उन्हाळ्यातही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आपली चादर स्वतः झटकायचे आणि आपल्या कोपऱ्यातली फरशी स्वतः झाडायचे. मी एकदा केरसुणी घ्यायला गेले तर त्यांनी ती पाठीमागं धरली. “राहू द्या सूनबाई, झालं.” इलाज म्हणाल तर सगळे झालेले होते. इस्लापूरकडच्या एका वैदूचं काळं तेल, कडू काढे, वांगं बंद, दही बंद, सोमवार सोडून आणखी दोन वारांचे उपास. कुणी नायटा म्हणे, कुणी खरूज, आणि कुणी नाव न घेता नुसतंच वळून बघे. विचारलं की अप्पांचं एकच उत्तर असायचं, “काही तरास न्हाई.”

शेवटी मीच हट्टानं त्यांना लातूरच्या त्वचारोगाच्या डॉक्टरकडं नेलं. अव्वा सोबत होत्या, संगमेशला रजा मिळाली नव्हती. डॉक्टर म्हणजे आमच्याच वयाच्या एक बाई होत्या. पडद्याआड अप्पा आणि अव्वा, बाहेर मी. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. अंगाचे चार भाग करून प्रत्येक ठिकाणी चट्टा किती लाल, किती जाड, पापुद्रा किती, याला त्या वेगवेगळे गुण देत होत्या आणि सहायक लिहून घेत होती. मग म्हणाल्या, “अप्पा, तुमचा हात द्या. तुमचा स्वतःचा तळहात म्हणजे साधारण तुमच्या अंगाचा शंभरावा भाग. आपण असे किती तळहात भरतात ते बघू.” मग अप्पांचा आवाज आला, “बाई, तुम्ही नका हात लावू. मी लावून दाखवतो ना.”

बाहेर आल्यावर सहायक मुलीनं आमच्या हातात एक कागद दिला. दहा प्रश्न होते. मागच्या आठवडाभरात या आजारानं तुमच्या जगण्यावर किती परिणाम केला, असं विचारलेलं, आणि समोर ‘खूपच’, ‘बरंच’, ‘थोडं’, ‘अजिबात नाही’. अप्पांचा चष्मा घरी राहिला होता. अव्वांना असलं बारीक अक्षर जमत नाही. म्हणून मी वाचायला लागले. प्रतीक्षेच्या बाकावर, दोन्ही बाजूंना माणसं, त्यामुळं अगदी हळू आवाजात. खाज, आग? “न्हाई.” म्हणताना त्यांचा हात मांडी चोळत होता. चारचौघांत लाजल्यासारखं वाटलं? “न्हाई.” कपडे निवडताना याचा विचार करावा लागला? मनगटापर्यंत बटणं लावलेला तो माणूस म्हणाला, “न्हाई.” बाजार, लोकांकडं जाणं-येणं, काम... सगळ्याला न्हाई. आणि मग तो प्रश्न आला. नवरा-बायकोच्या जवळिकीत काही अडचण आली का. मी पहिले दोन शब्द वाचले आणि थांबले. सासऱ्याला सुनेनं हे कसं वाचून दाखवायचं? कानशिलं तापली माझी. अप्पांनी माझी नजर कुठं थांबली ते बघितलं असावं. ते फरशीकडं बघायला लागले. अव्वा समोरच्या भिंतीवरच्या, साबणाच्या जाहिरातीकडं. “पुढचं वाच,” अव्वा म्हणाल्या. मी कुणाला न विचारता ‘अजिबात नाही’वर खूण केली.

डॉक्टरबाईंनी कागद बघितला, मग अप्पांकडं बघितलं. म्हणाल्या, “अप्पा, तुमच्या अंगावर जेवढं आहे त्याचा आणि या कागदाचा मेळ लागत नाही. सारखाच आजार दोन माणसांना असतो. एकाचं सगळं चाललेलं असतं, दुसऱ्याचं थांबलेलं. ते मला कातडी मोजून कळत नाही, ते तुम्हीच सांगायचं असतं. पोटातून घ्यायच्या गोळ्या आहेत, पण त्यांसाठी रक्त तपासत राहावं लागतं. तुम्हाला एवढा त्रास असेल तर देते.” अप्पांनी हात जोडले. “काही तरास न्हाई बाई. लावायला काय असंल ते द्या.” मलम घेऊन आम्ही निघालो.

येताना एका ठिकाणी चहाला थांबलो. अप्पा लांब, लिंबाच्या झाडाखाली उभं राहून प्यायले. अव्वा माझ्या शेजारी बाकड्यावर. कपात बघत म्हणाल्या, “तो प्रश्न तू सोडलास, बरं केलंस.” मग जरा वेळानं, “संगमेश शाळेत होता तवापासून ते माझ्या बाजूला झोपले न्हाईत. मला कुठं किळस होती? एकदा हात धरून बोलावलं होतं मी... बाईमाणसानं आणखी किती बोलवायचं.” चहाचा कप त्यांनी बशीवर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि गाडीत जाऊन बसल्या. पुन्हा कधी तो विषय नाही.

यानंतर काही वर्षं मलमांवरच गेली. थोडं जायचं, थंडीत पुन्हा उसळायचं. आणि याच काळात नांदेडला आमच्या घरी संगमेश बदलला. डोक्यात कोंडा झालाय म्हणायचा, शाम्पू बदलायचा. काळे शर्ट घालायचा बंद झाला. रविवारी पोहायला जायचा, ते सोडलं. मग ऑफिसचं काम घरी आणतोय या नावाखाली बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. मी बाई आहे, मला जे वाटायचं तेच वाटलं. मी आरशात बघितलं, त्याच्या फोनकडं बघितलं, रडले, अबोला धरला. सकाळी बाहेरच्या खोलीतली सतरंजी तो स्वतः झटकताना दिसला तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्याची बाही वर केली. कोपरावर जाड, चंदेरी चट्टा. त्यानं हात ओढून घेतला आणि म्हणाला, “काही नाही. काही त्रास नाही.” तेच शब्द, फक्त शहरातल्या उच्चारात.

“अप्पांना सांगू नको,” एवढीच अट त्यानं घातली. “त्यांना वाटेल, त्यांच्यामुळं झालं.”

अप्पांना सांगावं लागलं नाही. श्रावणात आम्ही जळकोटला गेलो होतो. सकाळी देवघरात अभिषेकासाठी संगमेश उघड्या अंगानं बसला, खांद्यावर शाल घेऊन. बेलाचं ताट घ्यायला हात लांबवला आणि शाल घसरली. अप्पा समोरच होते. त्यांच्या हातातली पाण्याची झारी तशीच कलती राहिली, पाणी पाटावर सांडत गेलं. पूजा झाली, ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आमच्या घरात सासरा सुनेच्या कामात असा येऊन उभा राहत नाही.

“कधीपासून हाय त्याला?”

“वर्ष होत आलं असेल. मलाही सांगितलं नव्हतं.”

“मी तरी कुणाला सांगितलं?” ते चौकटीला धरून उभे होते. “सूनबाई, वेगळं झोपतो का तो?”

मी भाकरीकडं बघत मान हलवली. तव्यावरची भाकरी करपली, आम्ही दोघंही तसेच उभे. मग म्हणाले, “लातूरच्या बाईंकडं माझा नंबर लावा. माझाच. त्याला म्हणावं, बापाला घेऊन चल.”

त्या दिवशी दवाखान्यात तशीच गर्दी होती. अप्पा आणि संगमेश पुढच्या बाकावर, मी आणि अव्वा त्यांच्या मागं. सहायकानं कागद आणून दिला. अप्पांनी तो संगमेशच्या हातात दिला. “तू वाच. चष्मा न्हाई आणला.” चष्मा त्यांच्या खिशात होता, वरची दांडी मला दिसत होती.

संगमेश वाचायला लागला. खाज, आग? अप्पा जरा थांबले. “खूपच.” संगमेशनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता तो. “खूण कर,” अप्पा म्हणाले. लाज वाटली का? “खूपच.” कपडे? “खूपच. तुझ्या लग्नात नवा कोट शिवला होता गडद निळा. पेटीतच हाय.” काम? “दुकान सोडलं त्याच्यापायी, लिही.” संगमेश म्हणाला, “अप्पा, इथं लिहायला जागा नाही. नुसती खूण करायची असते.” “मंग खूण कर. पण ध्यानात ठेव.” शेजारी एक म्हातारा कान देऊन ऐकत होता. अप्पांचे कान लाल झालेले मला पाठीमागून दिसत होते. पण ते बोलत राहिले. मग तो प्रश्न आला आणि संगमेश थांबला, जसा मी थांबले होते.

“वाच.”

“अप्पा, राहू द्या हे.”

“वाच, म्हणलं ना.”

संगमेशनं वाचलं, जेमतेम ऐकू येईल असं. अप्पा पुढं वाकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांत. म्हणाले, “खूपच. तुझ्या आईनं बोलावलं, मी गेलो न्हाई. मला शरम वाटली. तिचा काही दोष न्हाई यात.” माझ्या शेजारी अव्वा ताठ बसल्या होत्या. त्यांनी माझा हात शोधून धरला आणि इतका दाबला की बांगडी रुतली.

कागद भरून झाला. संगमेश त्यावर नजर ठेवून बसला होता, पेन हातात तसाच. अप्पांनी त्याच्या कोपरावर, शर्टाच्या बाहीवरूनच, तळवा ठेवला आणि म्हणाले, “आता आणखी एक कोरा कागद मागून आण.”

तो उठला नाही. बराच वेळ उठला नाही. मग उठला आणि घेऊन आला, आणि माझ्याकडं पाठ करून, भिंतीशी उभा राहून भरला. काय भरलं ते त्यानं मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या रात्री तो आत झोपला.

अप्पांना आठवड्याला घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. बाईंनी एवढं मात्र बजावलं की हा आजार कातडीपुरता नसतो, सांध्यांकडं, हृदयाकडंही लक्ष ठेवायचं. रक्तदाब, साखर तपासत राहायची. काही महिन्यांत पाठ पुष्कळ मोकळी झाली. तळहातांचा हिशोब अर्ध्याच्याही खाली आला तेव्हा बाई खूश झाल्या. अप्पा म्हणाले, “बरं हाय.” त्यांनी बाई चकित होतील असं काही केलं नाही. दुकानात जाऊन बसले नाहीत, निळा कोट घातला नाही, कुणाच्या लग्नात पुढं आले नाहीत. लाज गेली असं मी लिहिणार नाही. कातडी बरी होणं आणि लाज जाणं यांचा वेग सारखा नसतो, आणि पहिल्याचंच औषध निघालंय. अव्वांनी आपलं अंथरूण अप्पांच्या खोलीत नेलं, एवढं मला दिसलं. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

एक गोष्ट मात्र नवी सुरू झाली. हिवाळ्यात, सकाळचं कोवळं ऊन आलं की अप्पा गच्चीवर जायचे. पाण्याच्या टाकीमागं एक कोपरा आहे, तिथं गल्लीतून दिसत नाही. तिथं पोतं अंथरून, सदरा काढून, पाठ उन्हाला देऊन बसायचे. संगमेश गावी असला की तोही शेजारी बसायचा. पाठीच्या मध्यभागी आपला हात पोचत नाही, म्हणून संगमेश अप्पांच्या पाठीला मलम लावायचा आणि मग अप्पा त्याच्या. मी एकदा वाळवण घालायला वर गेले आणि दोन उघड्या पाठी बघून तशीच मागं फिरले. अप्पांनी पाऊल ओळखलं. “या, सूनबाई. घाला वाळवण,” म्हणाले. सदऱ्याकडं हात गेला होता, पण घातला नाही.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते राहिले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं. बाईंनी सांगितलं तसं आम्ही तपासत होतो, तरी थांबलं.

ते गेल्यावर संगमेशच्या अंगावर आजार पुन्हा उसळला. मन खचलं की होतं असं, बाई म्हणाल्या. मागच्या रविवारी आम्ही जळकोटला होतो. सकाळी तो गच्चीवर गेला. जरा वेळानं मीही गेले. टाकीमागं पोतं होतं, त्यावर तो बसला होता, सदरा बाजूला. एका कडेला सरकून बसला होता, दुसरी कडा रिकामी ठेवून. मी मलमाची डबी घेऊन त्याच्या मागं बसले. समोरच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत होते.

“कुणी आहे का तिकडं?” त्यानं विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही, कारण पायऱ्या चढून आल्या आल्या मी आधी तिकडंच बघितलं होतं.